लाईट येते तेव्हा

पुण्या-मुंबईत वीज गेली की माणसे आधी खिडकीशी जातात. समोरच्या इमारतीतही अंधार दिसला म्हणजे त्यांना हायसे वाटते. संकट सार्वजनिक आहे, एवढा दिलासा पुरतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज काही तास गेली, लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि देशभर त्याची बातमी झाली. हिंगोली जिल्ह्यातल्या शिवारात वीज जाते त्याची बातमी होत नाही. तिथे तिच्या जाण्याचे आणि येण्याचे वेळापत्रकच असते.

हिंगोली हा परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळा निघालेला लहानसा जिल्हा. पूर्णा-अकोला मार्गावर 'हिंगोली डेक्कन' या स्थानकावर उतरावे आणि एस.टी.ने औंढा नागनाथची वाट धरावी. गेल्या मार्गशीर्षात मी गेलो तेव्हा हळदीची राने पिवळसर होऊ लागली होती आणि गहू वीतभर वर आला होता. औंढ्याचे देऊळ बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानतात. त्याचा गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद पायऱ्यांवरून अंग चोरून खाली उतरावे लागते. नामदेवांची नरसी याच जिल्ह्यातली, आणि विसोबा खेचर हे गुरू त्यांना औंढ्यालाच भेटले अशी परंपरा आहे. देवाला अंधाराचे वावडे नाही, हे त्या गाभाऱ्यात पटते. माणसाचे मात्र तसे नसते.

वीज या मुलखाला परकी आहे असेही नाही. जिल्ह्याच्या सीमेवर पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. तिथे साडेसात मेगावॉटचे तीन संच, म्हणजे एकूण साडेबावीस मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण इथे सहज ओठांवर येते. पण वीज म्हणजे काही आडाचे पाणी नव्हे, की ज्याचे घर जवळ त्याची घागर आधी भरावी! ती एका मोठ्या जाळ्यात जाते आणि तिथून ठरेल तशी वाटली जाते.

हे वाटप कसे झाले, हेही पाहण्यासारखे आहे. टंचाईच्या वर्षांत महाराष्ट्रात भारनियमन आले तेव्हा विजेची गळती आणि बिलांची थकबाकी पाहून भागांचे गट पाडले गेले. ज्या भागात गळती जास्त, तिथे अंधारही जास्त. त्यामुळे वेळच्या वेळी बिल भरणारा गृहस्थ आणि तारेवर आकडा टाकणारा त्याचा शेजारी एकाच अंधारात बसत. पुढे शेतीच्या वाहिन्या गावठाणापासून वेगळ्या झाल्या आणि गावातले दिवे बरेचसे टिकू लागले. शेतीच्या वाट्याला मात्र ठरावीक तासांची पाळी आली. काही दिवस ती दिवसाची, काही दिवस रात्रीची.

मी ज्याच्याकडे उतरलो होतो तो माझा जुना विद्यार्थी गावात राहत नाही, आखाड्यावर राहतो. आखाडा हा कुस्तीचा नव्हे बरे! इकडे शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. तिथली वीज शेतीच्याच वाहिनीवरची, त्यामुळे मोटारीची जी पाळी तीच घरातल्या दिव्याची. त्या आठवड्यात पाळी होती रात्री बारा ते सकाळी आठ.

दिवसभर वीज नसलेले घर कसे चालते? अगदी सुरळीत चालते. सकाळी आठच्या आत रांजण आणि ड्रम भरलेले असतात. मोबाईल आणि चार्जिंगचे बल्ब भिंतीला ओळीने टांगून पोटभर चार्ज करून घेतलेले असतात. चटणी पाट्यावर वाटायची, दूध तापवून ठेवायचे. दळण संपायच्या आधी चार दिवस गावच्या गिरणीवर डबा जातो, कारण पीठ संपले म्हणून गिरणी सुरू होत नसते. पूर्वी कंदिलाला रेशनचे रॉकेल मिळे. आता कंदील खुंटीला आहे, रॉकेल नाही. दिवेलागणीला एक बल्ब स्वयंपाकघरात आणि एक नातीच्या पुस्तकापाशी ठेवला जातो. सातला जेवणे, साडेसातला अंगणात शेकोटी. वर इतक्या चांदण्या, की शहरातल्या माणसाने मान मोडून घ्यावी! मी घेतलीच. अशा घरात किती शांतता आहे, यावर मनातल्या मनात एक छोटेखानी व्याख्यानही तयार झाले.

ते व्याख्यान रात्री बारापर्यंत टिकले.

बाराच्या सुमारास खोलीतला बल्ब एकदम पेटला. त्याचे बटण मुद्दाम चालू ठेवलेले असते; घराचा गजर तोच. विद्यार्थी उठला. कानाला मफलर, पायात बूट, हातात बॅटरी, फावडे आणि काठी. "सर, तुम्ही झोपा, थंडी लई हाय," तो म्हणाला. पण मी त्याच्या मागे गेलो.

स्टार्टरचे बटण दाबताच विहिरीवरची मोटार घरघरली. मी विचारले, "हे आपोआप सुरू होईल असे काही मिळत नाही का?"

"मिळतं की. त्याला ऑटो म्हणतात. पण सगळ्यांनी ऑटो लावला की लाईन आल्याबरोबर सगळ्या मोटारी एकदमच उठतात. मंग डीपीवर लोड येतो अन् फ्यूज जातो."

सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते, एवढे मी शाळेत शिकलो होतो. त्याचा अर्थ त्या बांधावर समजला. आणि मोटार आपोआप सुरू झाली तरी गव्हाचे पाणी आपोआप वळत नाही. एक वाफा भरला की फावड्याने माती ओढून त्याचे तोंड बंद करायचे आणि पुढच्याचे फोडायचे. पाय घोट्यापर्यंत गार चिखलात. थंडीत साप कमी, पण रानडुकरे असतात. पावसाळ्यात उलटे. आसपासच्या शिवारात अशा किती तरी बॅटऱ्या हलत होत्या. दुरून पाहणाऱ्याला ते काजवे वाटले असते.

तासाभराने मी परतलो तेव्हा त्याची आई ओसरीवर गोधडी पांघरून बसली होती. "झोपल्या नाहीत आजी?" मी विचारले.

"पहिलं दिस बुडाला की माणूस घराकडं यायचा, मास्तर," ती म्हणाली. "आता लाईट आली की घरातून जातंय. ते आल्याबिगर डोळा लागत नाही."

आपण शहरातले लोक वीज जाण्याला भितो. या घराने वीज जाण्याचा बंदोबस्त कधीच करून ठेवला आहे. त्याला धास्ती आहे ती वीज येण्याच्या वेळेची. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिन्यांना पुरवठा करण्याची योजना राज्याने २०१७ साली सुरू केली. काही शेतकऱ्यांच्या बांधावर स्वतःचे सौर पंपही आले आहेत. जिथे ही सोय पोचली, तिथे रात्रीची वारी सुटते. माझ्या विद्यार्थ्याच्या वाहिनीचा नंबर तेव्हा लागायचा होता.

दिवाळीत आपण दारात पणती लावतो ती येणाऱ्याला वाट दिसावी म्हणून. औंढ्याजवळच्या त्या ओसरीवर पणती नव्हती, बल्ब जळत होता. पहाटे पाच वाजता विद्यार्थी चिखलाचे पाय धुऊन आत आला, तेव्हा आजी उठली आणि तिने तो बल्ब विझवला.