दोन अर्ज

सध्या आमच्या घरातून दोन अर्ज गेले आहेत आणि त्यावरून थोडी धुसफूस चालू आहे. नात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. एक अर्ज हवाई दलाच्या 'एफकॅट'चा, वैमानिक होण्यासाठी. दुसरा एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेचा. तिचा बाबा, म्हणजे माझा मुलगा, म्हणतो, "दोन दगडांवर पाय ठेवू नकोस, काय ते एक ठरव." मी मराठी घेऊन बी.ए. झाले, आयुष्यभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. मला विमानातलं काय कळणार? पण हवाई दलाचं माहितीपत्रक मी अथपासून इतिपर्यंत वाचून काढलं. शिक्षकाची खोड, दुसरं काय!

आणि वाचल्यावर मी नातीच्या बाजूची झाले.

वैमानिक व्हायचं तर प्रशिक्षण सुरू होताना वय 20 ते 24 हवं. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्रात किमान 50 टक्के, पदवीला 60 टक्के. इथवर अभ्यास करून जमतं. पुढे उंची किमान 162.5 सेंटिमीटर, मांडीची लांबी जास्तीत जास्त 64 सेंटिमीटर. कॉकपिटमध्ये नीट बसता यावं म्हणून ही मापं. आता रात्र रात्र जागून हाडाची लांबी कशी बदलणार? लेखी परीक्षेनंतर निवड मंडळापुढे पाच दिवस, मग वैद्यकीय तपासणी. त्यात वैमानिकांसाठी संगणकावर एक वेगळी चाचणी असते. हात, पाय, डोळे आणि डोकं एका वेळी किती चालतं ते त्यात बघतात. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. शाळेत आम्ही नापास झालेल्या मुलांना ऑक्टोबरची आशा दाखवायचो. इथे ऑक्टोबरच नाही!

जिथे एकाच दिवसावर सगळं ठरतं, तिथे जाताना घरी दुसरं काही आवडीचं वाट बघत असेल तर मन थाऱ्यावर राहतं, असं मला वाटतं.

डॉ. कलामांची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. मद्रासला एरोनॉटिकल इंजिनियरिंग केल्यावर त्यांनीही दोन अर्ज केले होते, एक हवाई दलात आणि दुसरा संरक्षण मंत्रालयाच्या तांत्रिक विकास खात्यात. डेहराडूनला जाताना वाटेत दिल्लीला दुसरी मुलाखत दिली. डेहराडूनला 25 जणांत ते नववे आले आणि घ्यायचे होते आठ. मन खट्टू झालं, पण दिल्लीची नोकरी मिळाली आणि 1958 साली ते कामाला लागले. पुढे राष्ट्रपती असताना, 2006 च्या जूनमध्ये, आपल्या पुण्याच्या लोहगाव तळावरून त्यांनी सुखोईतून उड्डाण केलं. वय 74! सगळ्यांचेच काही कलाम होत नाहीत. पण मला त्या गोष्टीत सुखोईपेक्षा दिल्लीची ती मुलाखत मोठी वाटते.

2016 साली देशाच्या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक झाल्या, अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंग. तिघीही आधी इंजिनियर झालेल्या. शिकलेलं कुठे वाया जात नाही.

"दोन्ही मिळालं तर?" मी नातीला विचारलं. ती म्हणाली, "आजी, आधी विमान. एम.एस्सी. मी चाळिशीतही करीन, पण चोविसावं वर्ष परत येणार नाही." म्हणजे तिचं ठरलेलंच आहे. जे दार आधी बंद होणार तिथे आधी जायचं, एवढा साधा हिशेब. मुलाखतीत 'निवड झाली नाही तर काय कराल?' असं विचारलं तर काय सांगू, असं तिने मला विचारलं. म्हटलं, जे आहे ते सांग. एम.एस्सी. करीन म्हण.

मुलाचं म्हणणं अगदीच खोटं नाही. दोन्ही तयाऱ्या एकाच हिवाळ्यात आल्या आहेत. पहाटे पळणं, दुपारी भौतिकशास्त्र, रात्री इंग्रजी आणि बुद्धिमत्तेचे प्रश्न. पोरगी दमते. पण त्याच्या बोलण्यामागे निराळीच काळजी आहे. 'एक ठरव' म्हणताना त्याला 'एम.एस्सी.च ठरव' म्हणायचं असतं. लढाऊ विमान पडल्याची बातमी आली की तो टीव्ही बंद करतो.

परवा ती झोपल्यावर मी त्याला म्हटलं, "अरे, भीती वाटते तर तसं सांग तिला. मलाही वाटते. पण म्हणीच्या आड लपू नकोस. तुला तिची काळजी आहे हे तिला कळू दे, नाहीतर तिला वाटेल बाबाचा आपल्यावर विश्वासच नाही." तो काही बोलला नाही. बराच वेळ बसून राहिला.

असो. निकाल लागले की लिहीनच. तुमच्यापैकी कुणाच्या घरातलं कुणी या वाटेने गेलं असेल तर जरूर कळवा. मुलाला वाचायला देईन म्हणते.