पोपट्याचा डावा डोळा

१२ एप्रिल
पोपट्या, घरातला इग्वाना, सकाळपासून डावा डोळा मिटून बसलाय. जास्वंदाचं फूल त्या बाजूला धरलं, कळलंच नाही. उजवीकडे नेलं तेव्हा मान वळली.

१३ एप्रिल
खालची पापणी फुगली आहे. भाच्याला पुण्याला फोन केला, पोपट्या मूळचा त्याचा. "मावशी, धूळ गेली असेल." असेलही. पण इग्वाना ओरडत नाही, कण्हत नाही. डोळा मिटणं एवढंच त्याचं सांगणं. ते ऐकायला हवं.

१५ एप्रिल
जनावरांच्या दवाखान्यात गेले. शेळ्या, एक गाभण म्हैस, आणि माझ्या टोपलीभोवती गर्दी. "घोरपड कायले आनली बाई? फॉरेस्टवाले धरतीन." सांगितलं, घोरपड नाही, अमेरिका खंडातल्या दमट रानातला सरडा आहे, नुसता पाला खातो. पटलं असं वाटत नाही.
डॉक्टर म्हणाले, असा प्राणी पहिल्यांदाच हाताळतोय. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या ओळखीच्यांना लगेच फोटो पाठवले. मला उलट धीर आला.

१६ एप्रिल
आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब उरलेत. तिने प्रेमाने काढून दिले. डॉक्टरांना फोनवर नाव वाचून दाखवलं. "अजिबात नको." त्यात स्टेरॉईड आहे. बुबुळावर जखम असली तर ती खोल जाते, भोकही पडू शकतं. बाटली फेकली. आई रुसली.

१७ एप्रिल
डॉक्टरांनी गडचिरोलीच्या नेत्रतज्ज्ञांकडून तपासणीची रंगीत कागदी पट्टी आणली. माणसांची असते तीच. पट्टी ओली करून डोळ्याला टेकवली, डोळा धुतला, निळा उजेड टाकला. बुबुळाच्या खालच्या कडेला हिरवी रेघ चमकली. जखम आहे.
पापणीखाली वाळल्या कातीचा तुकडा अडकला होता. हलेल तसा घासत होता. डॉक्टरांनी ओढला नाही. सलाईनने भिजवत राहिले, सुटेपर्यंत. मी श्वास धरून उभी.
दमट हवेत कात सहज सुटते. इथे एप्रिलमध्ये वाळत घातलेलं लुगडं अर्ध्या तासात कडक होतं.

१८ एप्रिल
मलम दिवसातून चारदा. वरून हात गेला की शेपटी फटकारतो. डोक्यावर मधोमध एक फिकट खवला आहे, तो त्याचा तिसरा डोळा. चित्र दिसत नाही त्याने, उजेड आणि सावली कळते. वरची सावली म्हणजे त्याच्या लेखी ससाणा. म्हणून हात समोरून, खालून. आधी बोलायचं.

१९ एप्रिल
खाल्लं नाही.

२० एप्रिल
आजही नाही. रात्री दोनदा उठून पाहिलं.

२१ एप्रिल
भाच्याकडे काकडी आणि लेट्यूसवर वाढला. अ जीवनसत्त्व कमी पडलं तरी पापण्या सुजतात, असं नागपूरहून आलं. इंजेक्शन मात्र नको म्हणाले. जास्त झालं तर कातडी सोलून निघते. शेवग्याचा पाला द्यायचा, लाल भोपळा किसून.
पिंजऱ्यातला अतिनील दिवाही बंद. जवळ टांगला तर डोळे पोळतात. त्याऐवजी अंगणातलं कोवळं ऊन, आठच्या आत. खिडकीतून आलेलं चालत नाही, काच ती किरणं अडवते. दुपारी पिंजऱ्यावर ओलं गोणपाट.

२२ एप्रिल
दोन पानं खाल्ली! शेवग्याची.

२४ एप्रिल
वनरक्षक दारात. कुणीतरी कळवलं होतं. बिचारा पाथरीकडे वाघाच्या मागावर रात्रभर जागा होता, तिथूनच आला. २०२० साली केंद्राने परदेशी प्राणी जाहीर करायला मुदत दिली होती, तेव्हाचं प्रमाणपत्र दाखवलं. २०२४ च्या नियमांप्रमाणे केलेली नोंदणीही. त्याने नीट वाचलं. घोरपड असती तर वन्यजीव कायद्याची पहिली अनुसूची, कमीत कमी तीन वर्षं कैद. बरोबरच आहे.
चहा घेताना म्हणाला, जखमी घोरपड मिळाली की चंद्रपूरच्या उपचार केंद्रात नेतो. एक डोळा गेला तरी ती जिभेने वास काढत भक्ष्य शोधते. पोपट्याचं तसं नाही. त्याला पान दिसावं लागतं.
रात्रभर हेच डोक्यात. आसोलामेंढा तलावाच्या पाळीवरची घोरपड आपलं आपण बघते. याला आम्ही समुद्रापलीकडच्या रानातून या उन्हात आणून ठेवलं. आणायलाच नको होता. आता आलाय, तर त्याचा डोळा राखणं आमचं देणं आहे.

२६ एप्रिल
पापणी किलकिली. आत पाणी.

३० एप्रिल
अखजी, अक्षय तृतीया. आईने पितरांचं पान वाढलं. पूजेतलं एक जास्वंद पोपट्यापुढे स्वतः ठेवलं. रुसवा गेला.

४ मे
पुन्हा पट्टी लावली. हिरवं कुठेच नाही. डॉक्टरांनी दोनदा पाहिलं, मग मला पाहू दिलं. जखम भरली. पांढुरका ठिपका उरलाय, तो राहणार. त्या डोळ्याने किती दिसतं ते सांगता येत नाही म्हणाले. घरी डावीकडून डहाळी हलवली. मान वळली, जरा उशिरा.

६ मे
भाचा म्हणतो, जूनमध्ये घेऊन जातो. त्याची बाल्कनी काचेने बंद, घरात दिवसभर कुणी नाही. नाही म्हटलं. पोपट्या इथेच राहील. आणि दुसरा विकत घेऊ नकोस, हेही सांगितलं. गप्प झाला, मग "बरं मावशी."
नोंदणी माझ्या नावावर करायची. आधार कार्डाची झेरॉक्स उद्या. सलाईन संपलंय.