पंपाचा पडदा

गुरुत्वाकर्षणाने मनुष्यजातीवर केलेल्या उपकारांची यादी कोणी करू लागला, तर जुन्या मोटारसायकलींना पेट्रोल पाजण्याचे काम त्याने त्या यादीत अवश्य घालावे. 1955 पासून मद्रासेत तयार होऊ लागलेली बुलेट घ्या, की तिच्या मागून आलेल्या जावा व राजदूत घ्या. या बाबतीत सर्वांची रचना एकच. टाकी वर, कार्ब्युरेटर खाली, आणि मध्ये एक तोटी व वीतभर नळी. तोटी फिरविली की पेट्रोल आपल्याच भाराने खाली उतरते. त्यास कोणी ढकलावे लागत नाही. आमचे अर्धे आयुष्य अशाच गाडीवर गेले. त्यामुळे पंप म्हटला की आमच्या डोळ्यांसमोर येई तो रस्त्याच्या कडेचा, जेथे रांगेत उभे राहून पैसे मोजावे लागतात तो. गाडीच्या अंगातही एक पंप असू शकतो, आणि तो थकला असता मनुष्य भर डोंगरात संकटात सापडतो, हे ज्ञान आम्हांस फार उशिरा, आणि तेही परमुलखात झाले.

आमचे एक स्नेही अमेरिकेत न्यू जर्सी येथे स्थायिक झाले आहेत. त्यांच्यापाशी होंडाची गोल्ड विंग नावाची 1976 सालची मोटारसायकल आहे. ही जात 1975 साली प्रथम बाजारात आली. 999 घनसेंटिमीटरचे, पाण्याने थंड होणारे इंजिन; त्यात चार सिलिंडर, दोन एका अंगास व दोन दुसऱ्या अंगास आडवे निजलेले; आणि त्यांस चार कार्ब्युरेटर. एवढे धूड वळणावर सांभाळता यावे म्हणून तिच्या कर्त्यांनी वजन होईल तितके खाली नेले, आणि पेट्रोलची टाकी बैठकीखाली बसविली. जेथे टाकी असावी असे पाहणाऱ्यास वाटते, तेथे टाकीच्या आकाराची नुसती पेटी आहे. तिच्यात विजेचे सामान आणि अडीअडचणीस लावावयाची सुटी किक ठेवलेली असते. युक्ती नामी खरी. परंतु पेट्रोल खाली गेल्यामुळे गुरुत्वाकर्षणाची फुकटची चाकरी संपली, आणि त्याच्या जागी पगारी नोकर ठेवावा लागला. तो हा पंप.

आम्ही त्यांच्याकडे गेलो, त्याच्या आदल्याच आठवड्यात ते पेन्सिल्व्हेनियातील पोकोनोच्या डोंगरात गेले होते. सपाटीवर गाडी ठीक चालली. चढ लागला, तसा इंजिनाचा जोर अकस्मात मावळला आणि मागून मालमोटार येत होती. ते कसेबसे कडेला झाले, म्हणून आम्हांस हकीकत सांगावयास राहिले. पाच मिनिटांनी गाडी पुन्हा निमूटपणे सुरू झाली! घरी त्यांचे चिरंजीव म्हणू लागले, "बाबा, विकून टाका ती." गाडी त्यांनी परदेशातील पहिल्या नोकरीच्या शिलकीतून घेतलेली. विकावयाची तर अशी बिघडलेली कोण घेणार, आणि ठेवावयाची तर तिच्यावर पुन्हा बसावे कोणत्या विश्वासाने?

"अहो, पंपच गेला आहे," ते आम्हांस म्हणाले. "येथला कारागीर म्हणाला, नवा मागवून बसवा, नाही तर भंगारात द्या. दोन वाक्यांत निकाल!"

"निकाल बरोबरही असेल," आम्ही म्हटले, "पण खटला कोठे चालला?"

आमच्या मते साऱ्या दुरुस्तीचे मर्म या प्रश्नात आहे. चढावर इंजिन उपाशी पडते याचा अर्थ एवढाच, की मागणी वाढली तेव्हा पुरवठा अपुरा पडला. कार्ब्युरेटरच्या वाट्यांत थोडे पेट्रोल साठलेले असते. सपाटीवर ते पुरते, चढावर ते संपते, आणि गाडी थांबली की हळूहळू पुन्हा साठते. परंतु पुरवठा तुटण्याची स्थळे अनेक. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक वाट असते. ती धुळीने बुजली की टाकीत पोकळी होऊन पेट्रोल बाहेर पडेनासे होते. तोटीची जाळी गंजाने भरते. मधली गाळणी तुंबते. नळी आतून सुजते, आणि वरून धडधाकट दिसते. या चौघांपैकी कोणीही अपराधी असला, तरी शिक्षा पंपास होते. कारण पंप हा बाजारात विकत मिळणारा, नाव असलेला आणि बदलल्याचे समाधान देणारा भाग आहे.

म्हणून आम्ही उभयतांनी टाकीपासून आरंभ केला. झाकण निर्दोष निघाले. जाळी व गाळणी स्वच्छ होत्या. नळी बोटांत दाबून पाहिली, तो ती ताठरलेली, पण मोकळी. मग इंजिन गार असता, ठिणगी बंद करून, पंपाकडून कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी काढून तिचे तोंड बाटलीत सोडले आणि इंजिन फिरविले. पंप चांगला असेल तर पेट्रोल ठोक्याठोक्याने, जोराने उडावयास हवे. येथे ते रडतरडत गळले. कारागिराचे म्हणणे खरे ठरले. परंतु आता ते आमच्याही अनुभवाचे झाले होते.

हा पंप इंजिनाच्या मागच्या अंगास बसविलेला असतो, आणि त्यास कॅमशाफ्ट चालविते. चार घावांच्या इंजिनात मुख्य दांडा दोनदा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट एकदा फिरते. म्हणजे मिनिटास 3000 फेऱ्यांच्या गतीने जाणाऱ्या गाडीत पंपाच्या तरफेस 1500 धक्के बसतात. प्रत्येक धक्क्यास तरफ रबरी पडदा ओढते, एक झडप उघडून पेट्रोल आत येते. मग स्प्रिंग पडद्यास परत ढकलते, दुसरी झडप उघडते आणि पेट्रोल पुढे जाते. यातील खरे कौतुक पुढेच आहे. कार्ब्युरेटरची वाटी भरली की तेथील तरंगा सुईने वाट बंद करतो. मग पेट्रोल पुढे सरकत नाही, पडदा ओढलेलाच राहतो, आणि तरफ रिकामी हलत राहते. पंपाचा दाब ठरतो तो इंजिनाच्या ताकदीने नव्हे, त्या लहानशा स्प्रिंगच्या ताणाने. मागेल त्यास, मागेल तेव्हा, मागेल तेवढेच, हा संयम येथे कोणा विजेच्या मेंदूने नव्हे, तर स्प्रिंगने व पडद्याने पाळलेला आहे.

हे ध्यानात आल्यामुळे एक अनर्थ टळला. मोटारीचा जोरकस विजेचा पंप लावून द्यावा, असा सल्ला स्नेह्यांस कोणी दिला होता. परंतु कार्ब्युरेटरास लागणारा दाब वातावरणाच्या दाबाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असतो. हल्ली नव्या गाड्यांत पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या पंपांचा दाब त्याच्या दहापटीहून अधिक. तेवढ्या जोरापुढे तरंग्याची सुई टिकत नाही. वाट्या भरून वाहतात, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडते. बळ अधिक म्हणजे गुण अधिक, ही समजूत माणसांच्या बाबतीत जितकी घातक, तितकीच येथेही.

नवा पंप बसविण्याचे काम दोन तासांचे. बॅटरीची तार सोडली, नळ्यांची तोंडे बुचांनी बंद केली, कॅमशाफ्ट अशा स्थितीत आणली की तरफेवर भार राहू नये, आणि दोन्ही बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे आवळले. कारण ॲल्युमिनियमचे आटे घाईची क्षमा करीत नाहीत. इंजिनातले ऑइल हुंगून पाहिले, तो त्यास पेट्रोलचा वास! पडदा फाटला की पेट्रोल ऑइलात उतरते, ऑइल पातळ होते, आणि जेथे वंगण हवे तेथे ते राहत नाही. आम्ही नुसता पंप बदलून उठलो असतो, तर नव्या पंपाने गाडी अधिक जोराने पळाली असती आणि अधिक लवकर झिजली असती. ऑइल बदलले, मगच किक मारली. कोरड्या वाट्या भरेपर्यंत बऱ्याच मारल्या. चिरंजीव दारात उभे राहून पाहत होते. इंजिन बोलू लागले, तेव्हा ते काही न बोलता आत गेले. त्या रविवारी वडिलांसह ते त्याच चढावर जाऊन आले.

जुना पंप आम्ही उघडून पाहिला. पडदा एका कडेस चिरलेला, ताठर, आणि बोटाने वाकविताच तडकणारा. वयाने रबर ताठरतेच; परंतु अमेरिकेतील बहुतेक पेट्रोलात 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि 1976 सालचे रबर त्या मद्यार्कासाठी घडविलेले नव्हते. नव्या पंपाचा पडदा आणि त्याबरोबर घातलेल्या नळ्या मद्यार्कास दाद न देणाऱ्या रबराच्या आहेत, याची खात्री करून घेतली होती. नाही तर आम्ही नव्या रबरास जुन्याच मृत्यूच्या तोंडी दिले असते.

तो पडदा हातात असता आमचे मन स्वदेशी आले. भारतात 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल 2023 च्या फेब्रुवारीत विक्रीस आले, आणि 2025 साली तेच सर्वत्र झाले. यातील बराच मद्यार्क उसापासून येतो. महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांस व त्यांच्या सभासद शेतकऱ्यांस त्याचा आधार आहे, आणि परदेशी तेलावरील खर्चही त्यामुळे वाचतो. या लाभाविषयी आम्हांस कुरकुर करावयाची नाही. परंतु गोल्ड विंगची टाकी खाली नेताना पंपाची गरज जशी जन्मास आली, तशी या लाभाच्या पोटीही एक गरज जन्मास आलेली आहे. जुन्या वाहनांतील काही रबरी भाग बदलावे लागतील, असे सरकारी खात्यानेही म्हटले आहे. मात्र हे वाक्य जुन्या बुलेटवर दूध घालणाऱ्या माणसापर्यंत पोचते काय? त्याची नळी एके दिवशी तापलेल्या इंजिनावर गळू लागते, तेव्हा त्यास ती दैवाची करणी वाटते. आणि दुकानदार त्यास तीच जुन्या जातीची नळी पुन्हा विकतो.

परत आल्यावर आमच्या बुलेटची नळी व तोटीची रबरे आम्ही बदलून घेतली. खर्च किरकोळ झाला, पण योग्य रबर मागून घेण्यास तीन दुकाने पालथी घालावी लागली. त्या खटाटोपाचे आम्हांस दुःख नाही. भाग बदलणे हे पैशाचे काम आहे. तो कशाने गेला हे विचारणे हे मनुष्याचे काम आहे, आणि ते कोणताही दुकानदार आपल्या वतीने करून देत नाही. 2020 पासून आपल्याकडे नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. त्यांचा पंप बहुधा टाकीतच बुडालेला, आणि बिघडला तर सगळाच्या सगळा बदलावयाचा. ते यंत्र अधिक काटकसरी व अधिक निर्मळ आहे, हे आम्ही कबूल करतो. त्याच्या मालकाने एवढेच करावे, की निकाल ऐकण्यापूर्वी खटला चालला काय, हे विचारण्याची सवय सोडू नये.