एस.टी.च्या तिकिटातली सहल

दोस्तांनो, सहल म्हटली की महाबळेश्वर नाहीतर गोवाच, असं थोडंच आहे? एकदा टेंभुर्णीला उतरून तर बघा! सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर रस्त्यावरचं हे गाव. बरोबर भाकरी-चटणी बांधून घ्या, म्हणजे खर्च काय तो एस.टी.च्या तिकिटाचा.

आधी गाठा भीमानगर. इथं भीमा नदीवर १९८० साली पूर्ण झालेलं उजनी धरण आहे. त्याच्या जलाशयाचं नाव यशवंतसागर. आजूबाजूचा हिरवागार ऊस याच पाण्यावर पोसलेला, बरं का!

मग जवळच्या नीरा नरसिंहपूरला जा. तिथं नीरा आणि भीमा एकमेकींना भेटतात. नरसिंहाचं देऊळ पाहा, घाटावर बसा; पण पाण्यात उतरू नका हं.

हिवाळा असेल तर इंदापूरच्या पुढं भिगवणला चला. तिथं रोहित पक्ष्यांचे थवे दिसतात. त्यांचा गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातून, शेवाळातून आणि बारीक जलचरांतून येतो.

त्याच वाटेवर पळसदेव लागतं. तिथलं जुनं दगडी देऊळ धरणाच्या पाण्यात गेलं. एखाद्या उन्हाळ्यात पाणी फार ओसरलं की ते पुन्हा वर येतं. गंमत वाटते ना? पण देवळाबरोबर माणसांची घरं आणि शेतंही बुडाली. गावंच्या गावं उठून दुसरीकडं वसली.

तिथं एखादे आजोबा भेटले तर विचारा, "आजोबा, तुमचं जुनं घर कुठं होतं?" ते पाण्याकडं बोट दाखवतील. तेव्हा घाई करू नका. शेजारी बसा आणि ऐका.