ऑफिसचं कपाट, घरचं कपाट



रात्रीभोजनाचा त्याग आणि नोकरी, दोन्ही सांभाळणाऱ्या बायकांची संध्याकाळ कशी असते ते आपल्याला नव्याने सांगायला नको. थंडीच्या दिवसांत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. ऑफिस सुटायची वेळ आणि सूर्यास्त यांत कधीकधी अर्धा ताससुद्धा हातात नसतो. मग डबा ऑफिसातच उघडायचा, नाहीतर पळत जाऊन रिक्षा गाठायची. या घाईत पर्स मागे राहत नाही, छत्री राहत नाही, राहतो तो कॉम्प्युटर, चालू आणि उघडा. त्यात आपला ईमेल उघडा, व्हॉट्सॲप उघडं आणि मुलाच्या ॲडमिशनसाठी स्कॅन केलेलं आधार कार्ड समोर पडद्यावर.

मी एका करसल्लागाराच्या ऑफिसात बरीच वर्षं काम करते. कॉम्प्युटरचं शिक्षण मी घेतलेलं नाही, पण दिवसाचे आठ तास त्याच्यासमोर बसते. मंडळातल्या बायका पर्युषणातसुद्धा प्रवचन संपलं की हळूच विचारतात, "ताई, ते ड्राइव्हचं काय असतं हो?" म्हणून आज सगळं एकदा लिहूनच काढते.

क्लाउड म्हणजे ढग, पण आकाशात काही नसतं. कुठल्यातरी कंपनीच्या मोठमोठ्या इमारतींत कॉम्प्युटर मांडलेले असतात आणि त्यात आपल्याला एक कप्पा मिळतो. गूगलचा कप्पा १५ जीबीचा, आणि त्यातच ईमेल, फोटो आणि कागद सगळं बसवायचं असतं. मायक्रोसॉफ्टचा वनड्राइव्ह ५ जीबी फुकट देतो, ड्रॉपबॉक्स २ जीबी. फोन हरवला, पाण्यात पडला, तरी कप्प्यातलं सामान जागेवर राहतं. सोय मोठी आहे. पण कुठल्याही कपाटाबद्दल आपण जे दोन प्रश्न विचारतो ते इथेही विचारायचे: कपाट कुणाच्या मालकीचं आणि किल्ली कुणाकडे?

आमच्या मोठ्या वन्संची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच लिहिते आहे. त्या एका खाजगी कंपनीच्या शाखेत अकरा वर्षं होत्या. ऑफिसने प्रत्येकाला स्वतःच्या नावाचा ईमेल आणि त्याच्याबरोबर भरपूर जागा दिली होती. वन्संचा घरचा कप्पा केव्हाच भरलेला. म्हणून सासूबाईंनी, म्हणजे त्यांच्या आईंनी, म्हटलेले पाळणे आणि आरत्या वन्संनी फोनवर टिपल्या त्या ऑफिसच्या जागेत ठेवल्या. चाळीसेक रेकॉर्डिंग होती. सासूबाईंची गाण्यांची वही स्कॅन केली तीही तिथेच. सासूबाई गेल्यानंतर दीड वर्षाने ती शाखा बंद झाली. सगळ्यांचा हिशेब नीट चुकता केला, हार घातले, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संनी फोनवर ते खातं उघडायला घेतलं तर उघडेना. महिन्याभराने पत्र पाठवून विचारलं. उत्तर आलं की शाखेची खाती नियमाप्रमाणे काढून टाकली आहेत.

वही कागदाची होती म्हणून वाचली. आवाज गेला. माझ्या लेकीने आजीची म्हणून सहा रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर मागून घेतली होती, तेवढीच आज आमच्याकडे आहेत. महावीर जयंतीला पाळणा हलवताना आम्ही त्यातलंच एक लावतो. वन्सं त्या वेळी स्वयंपाकघरात काहीतरी काम काढतात.

यात कंपनीची चूक म्हणता येत नाही. ऑफिसचा ईमेल आणि त्याची जागा ही ऑफिसची मालमत्ता असते. व्यवस्थापकाच्या हातात ते खातं बंद करणं असतं, त्यातलं पाहणंही असतं. नोकरी सुटली की ते कपाट रिकामं करायला आपल्याला वेळ मिळेलच असं नाही. म्हणून पहिला नियम सरळ आहे: घरचं सामान ऑफिसच्या कपाटात ठेवायचं नाही. लेकराचे फोटो, दवाखान्याचे रिपोर्ट, सोन्याच्या पावत्या, काहीही नाही. आज ठेवलं असेल तर नोकरी पक्की आहे तोवरच, शांतपणे, स्वतःच्या खात्यात आणून ठेवा.

हाच नियम उलटाही लागू होतो, आणि त्याबद्दल आपण कमी बोलतो. घरी बसून काम उरकावं म्हणून ऑफिसची फाइल स्वतःच्या ड्राइव्हवर टाकायची किंवा स्वतःच्या ईमेलवर पाठवायची, हे सर्रास चालतं. हेतू चांगलाच असतो. पण आमच्या ऑफिसात लोकांचे पॅन, बँकेची पानं, घराच्या खरेदीचे कागद असतात. त्यांनी ते ऑफिसवर विश्वास ठेवून दिलेले असतात, माझ्या फोनवर नाही. माझा फोन घरात लेक हाताळते, भाचा हाताळतो. न दिलेलं घेऊ नये हे आपण लहानपणी पाठशाळेत शिकलो. कागदाची प्रत घेतली तर मूळ कागद जागेवरच राहतो, म्हणून ते घेणं वाटत नाही, पण ते घेणंच आहे. घरून काम करायचं असेल तर साहेबांना सांगून, ऑफिसने दिलेल्या सोयीतूनच करावं.

आता प्रत्यक्षात. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर स्वतःचं खातं कधी उघडूच नये हे उत्तम. पण वेळ येते. मुलाच्या फॉर्मची शेवटची तारीख असते आणि घरी प्रिंटर नसतो. त्या वेळी क्रोममध्ये गेस्टची किंवा इन्कॉग्निटोची खिडकी उघडावी. काम झालं की ती बंद करावी, म्हणजे पासवर्ड आणि खातं त्या कॉम्प्युटरवर रेंगाळत नाही. "पासवर्ड लक्षात ठेवू का?" असं विचारलं तर नाही म्हणावं. मात्र एक ध्यानात ठेवा. या खिडकीतून उतरवून घेतलेली फाइल डाउनलोडच्या फोल्डरमध्ये तशीच राहते. ती हाताने काढावी आणि रीसायकल बिनमधूनही काढावी. आधार कार्ड बाहेरच्या कॉम्प्युटरवर उतरवलं तर सगळ्या प्रती काढून टाका, असं आधारवालेच सांगतात. जिथे पूर्ण नंबर लागत नाही तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्यावं. शिवाय या खिडकीने आपण ऑफिसपासून लपतो असं नाही. ऑफिसच्या नेटवरून काय उघडलं ते ऑफिसला कळू शकतं.

जागेवरून उठताना विंडोजचं बटण आणि एल एकत्र दाबायचं, पडद्याला कुलूप लागतं. चहाला उठलात तरी. सुरुवातीला शेजारची हसते, "काय हो, आमच्यावर विश्वास नाही?" विश्वासाचा प्रश्नच नाही. आपण पाणी गाळतो ते कुणावर संशय म्हणून गाळत नाही. नळाचं पाणी स्वच्छच आहे असं कुणी म्हटलं तरी गाळणं बाजूला ठेवत नाही, आणि सकाळी गाळलं म्हणून संध्याकाळचं सोडत नाही. विचार न करता हात तिकडे जातो. कुलपाचंही तसंच व्हायला हवं, म्हणजे सूर्यास्ताच्या घाईतही ते राहणार नाही.

आणि एखाद्या दिवशी राहिलंच, घरी आल्यावर आठवलं, तर परत धावायची गरज नाही. फोनवर आपलं गूगल खातं उघडा, सुरक्षा या भागात आपलं खातं कुठल्या कुठल्या उपकरणांवर चालू आहे त्याची यादी दिसते. ऑफिसचा कॉम्प्युटर निवडून तिथून साइन आउट करा. व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हायसेस म्हणून असतं, तिथे बोट ठेवून लॉग आउट करा. एरवीही महिन्यातून एकदा या दोन्ही याद्या पाहाव्यात. ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर तिथून बाहेर पडून लगेच पासवर्ड बदलावा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून ठेवावं. मग पासवर्ड कुणाच्या हाती लागला तरी दुसरी किल्ली आपल्या फोनवर असते. तो ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, अगदी बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्यालाही नाही.

"तुमची जागा भरली आहे, फाइल पुसल्या जातील, इथे दाबा" असे ईमेल येतात. घाबरवून घाई करायला लावणं हीच त्यांची रीत. दाबायचं नाही. आपण स्वतः ड्राइव्ह उघडून जागा किती उरली ते पाहायचं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर अशी फाइल उघडली गेली तर एका टेबलावरून सगळ्या ऑफिसात रोग पसरू शकतो. म्हणून शंका आली की गप्प बसू नये, ताबडतोब साहेबांना किंवा कॉम्प्युटर बघणाऱ्या मुलाला सांगावं. पैसे गेले असतील तर १९३० या नंबरवर जितक्या लवकर फोन कराल तितकं बरं.

मंडळाच्या कामाचंही सांगते. यात्रेची यादी करताना आपण नावं, वय, फोन, आधार नंबर एका शीटमध्ये भरतो आणि लिंक ग्रुपवर टाकतो. ज्याच्याकडे लिंक त्याला सगळं दिसेल अशी ती शीट असते. ग्रुपवरून ती कुठवर जाते ते कुणाला ठाऊक? शेअर करताना ठरावीक बायकांचे ईमेल घालावेत, आणि यात्रा झाली की शीट काढून टाकावी.

आता प्रतींचं. फोनमधलं पुसलं की ड्राइव्हवर आहेच, असं पुष्कळजणी समजतात. फोन आणि क्लाउड एकमेकांशी जोडलेले असले तर एकीकडे पुसलेलं दुसरीकडूनही जातं. गूगल ड्राइव्हच्या कचऱ्यात ते ३० दिवस राहतं, नंतर कायमचं जातं. जाणकार सांगतात की मोलाच्या गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर.

आपल्याला हे नवीन नाही. धवला-जयधवलेच्या ताडपत्रावरच्या जुन्या प्रती मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीतच होत्या. बाहेर कुणाकडे प्रत नाही. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्या खटपटीने १८९६ च्या सुमारास नकला करायचं काम सुरू झालं आणि ते वर्षानुवर्षं चाललं. नकलाकार गजपती शास्त्री यांनी त्याच वेळी गुपचूप आणखी एक कन्नड प्रत तयार केली, आणि त्यात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा मोठा हात होता. ती प्रत सहारनपूरला गेली, तिथून पुढे नकला पसरल्या. डॉ. हिरालाल जैन यांनी संपादन केलेला पहिला भाग १९३९ मध्ये अमरावतीहून छापला गेला. श्रुतपंचमीला आपण ज्या ग्रंथाची पूजा करतो तो घरोघरी पोहोचण्यात एका गृहिणीच्या हातचं अक्षर आहे, हे आपल्याला माहीत असायला हवं.

कुणी म्हणेल, मग तीही परवानगीवाचून केलेली नकलच ना? हो, आणि त्या वेळी त्यावर वादही होऊ शकला असता. मला एवढंच वाटतं की शास्त्र सगळ्यांसाठी असतं आणि पक्षकाराचं बँकेचं पान त्याच्या एकट्याचं असतं. पहिलं एकाच पेटीत बंद राहिलं तर नुकसान, दुसरं पेटीबाहेर गेलं तर नुकसान. कुठली गोष्ट कुठली, हे ओळखणं आपल्याकडे.

आमच्या घरी आता अशी व्यवस्था आहे. घराचे कागद माझ्या स्वतःच्या खात्यात, शिवाय एका पेन ड्राइव्हवर, आणि तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या गावी धाकट्या जाऊबाईंकडे. आधार, पॅन, लायसन्स डिजिलॉकरमध्ये. त्यात सरकारी खात्याकडून थेट आलेला कागद मुळाच्या बरोबरीचा धरतात. सासूबाईंची सहा रेकॉर्डिंग चार घरांत आहेत. "सुप्रभात"ची चित्रं आणि एकाच फोटोच्या दहा प्रती दर महिन्याला काढून टाकतो, कारण तो परिग्रहच, आणि त्याच्याखाली कामाचं सापडत नाही. गूगलचं खातं दोन वर्षं वापरलंच नाही तर ते काढून टाकलं जाऊ शकतं, म्हणून मामंजींचं जुनं खातंही अधूनमधून उघडतो. खात्यात अशीही सोय आहे की आपण बराच काळ फिरकलो नाही तर आपण नेमलेल्या माणसाला आतलं मिळावं. मी तिथे लेकीचं नाव दिलं आहे. नवऱ्याच्या खात्यातही घातलं का, ते प्रत्येकीने आज रात्री विचारावं. घरातली माणसं गेल्यावर पासवर्डसाठी हेलपाटे घालणाऱ्या बायका मी ऑफिसात पाहते.

या रविवारी दुपारी एक तास काढा. ऑफिसच्या खात्यात घरचं काय आहे त्याची कागदावर यादी करा आणि सोमवारपासून रोज थोडं थोडं घरी आणा. सगळ्यात आधी आवाज आणि फोटो. दाखले पुन्हा काढता येतात.

जय जिनेंद्र.