ऐरणीपुढचे शुभमंगल

विलायती लग्न म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. उंच कमानींचे चर्च, ऑर्गनचे गंभीर सूर, बापाच्या हाताला धरून संथ पावले टाकीत येणारी शुभ्रवसना वधू, अंगठी, केक आणि दाराशी उधळलेले तांदूळ. सिनेमाने हे चित्र आपल्या इतके परिचयाचे करून टाकले आहे की हे सारे ख्रिस्ती धर्माइतकेच पुरातन असावे असे आपण धरून चालतो. पण या चालीरीतींचा अर्थ ज्याला खरोखर समजून घ्यायचा आहे, त्याने लंडनच्या भव्य चर्चची वाट न धरता स्कॉटलंडच्या वेशीवरचे ग्रेटना ग्रीन नावाचे खेडे गाठावे. जिथे माणसे या चाली टाकून लग्ने लावीत, तिथेच कोणती चाल कशासाठी होती ते स्वच्छ दिसते.

कार्लाईल हे इंग्लंडच्या उत्तर टोकाचे शहर. तिथून छोट्या गाडीने निघाले की दहा-बारा मिनिटांत ग्रेटना ग्रीन येते. मधे सार्क नावाची चिमुकली नदी लागते. आपल्याकडे जिला ओढाच म्हणतील एवढीच. पण ती ओलांडली की राज्य बदलते, कायदा बदलतो. पलीकडच्या काठावर जुन्या टोलनाक्याचे बसके घर आहे आणि स्कॉटलंडमधले पहिले घर म्हणून ते मिरवते. थोडे पुढे गेले की पांढऱ्या रंगाची, ठेंगण्या छपराची लोहारशाळा. आत एक काळी, ठोके खाऊन खाऊन गुळगुळीत झालेली ऐरण. मी गेले त्या दिवशी पावसाची बारीक भुरभुर चालू होती, बाहेर बॅगपाइप वाजत होता आणि एका जोडप्याचे छायाचित्र निघेपर्यंत दुसरे जोडपे छत्रीखाली तिष्ठत होते. आपल्याकडच्या दाट मुहूर्ताच्या दिवशी मंगल कार्यालयाच्या दारात दिसते, अगदी तस्सेच दृश्य!

या आडगावाला हे भाग्य मिळाले ते इंग्लंडच्या एका कायद्यामुळे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या आसपास कर्जबाजारी पाद्री चार पैशांसाठी कुणाचेही लग्न लावून देत. नशेत झालेली लग्ने, खोट्या तारखांची लग्ने, श्रीमंत पोरींना फशी पाडून केलेली लग्ने असा बाजारच भरला होता. तो मोडण्यासाठी लॉर्ड हार्डविक यांनी १७५३ साली कायदा करवून घेतला आणि २५ मार्च १७५४ पासून तो अमलात आला. लग्न चर्चमध्येच व्हावे. आधी तीन रविवार त्याची जाहीर वाचना व्हावी किंवा रीतसर परवाना काढावा. परवान्याने लग्न करणाराचे वय एकवीसच्या आत असेल तर बापाची संमती असावी. क्वेकर आणि ज्यू सोडले तर सर्वांना हे बंधन. स्कॉटलंडला मात्र हा कायदा लागू नव्हता. तिथे मध्ययुगातल्या चर्चचाच जुना नियम चालू राहिला होता: दोघांनी ‘आम्ही आता नवराबायको’ असे एकमेकांना सांगितले की लग्न झाले. साक्षीदार हवेत ते पुराव्यापुरते. मुलगी बारा वर्षांची आणि मुलगा चौदाचा असला तरी पुरे. ही मर्यादा सोळावर गेली ती थेट १९२९ साली.

मग काय, लंडनहून सुमारे पाचशे किलोमीटर घोडे पिटाळीत गाड्या सुटू लागल्या. जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या १८१३ च्या कादंबरीतली लिडिया पळून जाताना मागे चिठ्ठी ठेवते, तिच्यातही याच गावाचे नाव आहे. लग्न लावणारे धर्माधिकारी नव्हते, आणि ‘ऐरणीचे पाद्री’ अशी पदवी असली तरी त्यांतले बहुतेक लोहारही नव्हते. सरायवाले आणि गाडीवान गिऱ्हाईक आणून देत आणि आपला हिस्सा घेत. आपल्या तीर्थक्षेत्री गाडीतून उतरताच यजमानाची पिशवी धरणारे उपाध्ये ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा व्यवहार निराळा समजावून द्यायला नको.

आता त्या सिनेमातल्या चित्राकडे पुन्हा वळू. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनाग्रंथाप्रमाणे वधूला द्यायला कोण आले आहे असे पाद्री विचारतो. मग बापाच्या किंवा आप्ताच्या हातून तिला स्वीकारतो आणि तिचा उजवा हात वराच्या हाती देववितो. हे आपले कन्यादानच! एका घराचा अधिकार संपला आणि दुसऱ्याचा सुरू झाला, ही त्यातली खूण. ग्रेटनाच्या लग्नात नेमका हाच माणूस गैरहजर असे. तो मागच्या गाडीतून शिव्या देत येत असे! तो नसतानाही लग्न पक्के होई. म्हणजे बापाने देणे हा त्या संस्काराचा कणा नव्हता. कणा होता दोघांचा होकार.

पांढऱ्या पोशाखाचेही तसेच. पळून आलेली मुलगी अंगावरच्या, प्रवासात मळलेल्या कपड्यांनिशीच उभी राही. त्यात कमीपणा काहीच नव्हता, कारण पांढराच पोशाख हवा हा दंडक तोवर रुजलेला नव्हता. वधू आपला चांगल्यातला चांगला पोशाख घाली, मग तो निळा असो की तपकिरी. १० फेब्रुवारी १८४० रोजी व्हिक्टोरिया राणीने पांढरे सॅटिन आणि हॉनिटनची लेस लेवून लग्न केले आणि तिचे पाहून तो रंग प्रतिष्ठित झाला. पावित्र्याचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. लग्नानंतर वाजते ती मेंडेल्सोनची सुरावट १८४२ ची. १८५८ साली राणीच्या थोरल्या मुलीच्या लग्नात ती वाजली आणि घरोघर गेली. गंमत अशी की ती रचली आहे शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’साठी. त्या नाटकाचा आरंभच मुळी बापाने लग्नाला नकार दिल्यामुळे रानात पळालेल्या जोडप्यापासून होतो! उपवर मुलींचे बाप अभिमानाने जी सुरावट वाजवून घेतात, ती पळून जाणाऱ्यांच्या कथेतली.

पण या गोड कथेला एक काळी बाजू आहे. १८२६ साली एडवर्ड गिबन वेकफील्ड नावाच्या तिशीच्या विधुराने लिव्हरपूलच्या शाळेतून एलेन टर्नर या पंधरा वर्षांच्या मुलीला बाहेर काढले. आई आजारी असल्याचा खोटा निरोप पाठवून! वाटेत तिला सांगितले की वडिलांचे दिवाळे निघाले आहे आणि तू माझ्याशी लग्न केलेस तरच ते वाचतील. पोर ग्रेटनाला ‘हो’ म्हणाली. गाव तेच, साक्षीदार होते, होकारही होता. आणि ते सारे वडिलांवरच्या मायेचा गळा आवळून मिळवलेले होते. तिच्या चुलत्यांनी तिला फ्रान्समध्ये कॅले येथे गाठून परत आणले. वेकफील्डला तीन वर्षांची शिक्षा झाली आणि १८२७ मध्ये पार्लमेंटने खास कायदा करून ते लग्न रद्द केले. एलेनचे पुढे रीतसर लग्न झाले. पण एकोणिसाव्या वर्षी बाळंतपणात तिचा अंत झाला. वेकफील्ड मात्र सुटून आला आणि न्यूझीलंडच्या वसाहतीचा एक शिल्पकार म्हणून इतिहासात जाऊन बसला! ती ऐरण पाहताना पळून आलेल्या शेकडो प्रेमिकांपेक्षा ही एक मुलगीच मला अधिक आठवत राहिली.

म्हणूनच कायद्याला पुन्हा पुन्हा हात घालावा लागला. १८५६ च्या कायद्याने दोघांपैकी एकाने तरी स्कॉटलंडमध्ये एकवीस दिवस राहिलेच पाहिजे असे ठरले. डोके थंड व्हायला तेवढी मुदत! आपल्या १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातल्या तीस दिवसांच्या नोटिशीची येथे आठवण होते, आणि घरच्यांना चुकवून आळंदीची वाट धरणाऱ्या आपल्याकडच्या जोडप्यांचीही. पुढे १ जुलै १९४० पासून नुसत्या तोंडी कबुलीची लग्ने बंद झाली. १९७० पासून इंग्लंडमध्ये अठराव्या वर्षीच स्वतःच्या मर्जीने लग्न करता येऊ लागले. आणि २०२३ साली तर चक्र पुरते फिरले. इंग्लंड आणि वेल्समध्ये अठराच्या आतले लग्न, आईबापांची संमती असली तरी, बेकायदा ठरले. कारण काय? ती संमती पुष्कळदा मुलीवरची सक्तीच असते, हे दिसून आले. १७५३ साली बापाची परवानगी हे मुलीचे कवच मानले गेले. पावणेतीनशे वर्षांनी तेच कवच तिला काचू शकते हे कायद्याने मान्य केले. फसवणारा परका असो की घरचा, जपायचा असतो तो त्या मुलीचा स्वतःचा होकार.

एक कोडे मात्र उरते. स्कॉटलंडच्या जुन्या कायद्याला ना अंगठी लागत होती, ना ऐरण, ना तो तोतया पाद्री. दोन शब्द पुरे होते. तरीही सारे बंध तोडून आलेली ती जोडपी कुणीतरी समोर उभे राहावे, काहीतरी वाजावे, हातात काहीतरी घालावे म्हणून पैसे मोजत. भट्टीत जशी दोन लोखंडे एक होतात तसे हे जीव एक झाले, असा अर्थ ऐरणीला लागला आणि हातोड्याच्या ठोक्याने मंगलवाद्याची जागा घेतली. एक रूढी मोडून आलेल्या माणसांनी वेशीवर पोचताच दुसरी घडवली! उच्चारलेला शब्द हवेत विरतो. म्हणून त्याला धातूचा, ध्वनीचा, साक्षीदारांचा आधार द्यावासा वाटतो. विलायती अंगठीचा अर्थ हाच, आणि आपल्या सप्तपदीचाही याहून फार निराळा नसावा.

आज तिथे लग्न करायचे तर महिनाभर आधी कागदपत्रे द्यावी लागतात. पळून जाण्याचे कारणही कुणाला उरलेले नाही. तरी दरवर्षी हजारो जोडपी येतात. त्या भुरभुरत्या पावसात छत्रीखाली थांबलेल्या वधूच्या शेजारी तिचा बाप उभा होता. कोटाच्या बटनात फूल, हातात मुलीचा पदर सावरलेला. ज्याला चुकवण्यासाठी हे गाव जन्मले, तोच आता मुलीला ऐरणीपर्यंत पोचवायला येतो. आत गेल्यावर लग्न लावणाऱ्या बाईंनी प्रश्न विचारला तो त्याला नव्हे, तिला.