पिशवी भरण्याआधीची घाई

लघवीची घाई होणं आणि लघवी जास्त होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला मापाचा कप हातात आल्यावर कळलं. युरॉलॉजिस्ट बाईंनी तीन दिवसांची नोंद मागितली होती. काय प्यायले, किती वाजता गेले, किती झाली, घाई किती होती. जीव कासावीस करणाऱ्या घाईनंतरही कपात जेमतेम 100 मिलिलिटर जमायची. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात 400 ते 500 मिलिलिटर सहज मावते. म्हणजे पिशवी भरलेलीच नसायची. तिच्या भिंतीतला स्नायू वेळेआधीच आकसत होता. याला ओव्हरअॅक्टिव्ह ब्लॅडर म्हणतात.

त्याआधी लघवीची तपासणी झाली, रक्तातली साखर पाहिली, आणि लघवी करून आल्यावर सोनोग्राफी करून पिशवीत किती उरते तेही बघितलं. इन्फेक्शन, मधुमेह, मुतखडा यांनीही अशीच घाई होऊ शकते. ते नाही हे ठरल्यावरच उपचार सुरू झाले.

मी डोंबिवलीहून रोज सीएसएमटीला जाते. तासाहून जास्त प्रवास, आणि लोकलच्या डब्यात शौचालय नसतं. आमच्या लेडीज डब्यातल्या कितीतरी जणी सकाळी चहा घेतात, पण पाण्याचा घोट टाळतात. बाईंनी हे नेमकं उलटं करायला सांगितलं. पाणी फार कमी झालं की लघवी घट्ट होते आणि मूत्राशयाला ती चुरचुरते; चहा-कॉफीतल्या कॅफिनने घाई वाढते. दुपारचा चहा बंद केला, पाणी दिवसभर थोडं थोडं पिऊ लागले आणि झोपण्याआधीचे दोन तास मात्र हात आखडता ठेवला. शिवाय बद्धकोष्ठता राहू द्यायची नाही, कारण भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं.

खरा उपचार मात्र सवयीचा होता. तासातासाने जायची सवय असेल, तर पुढचा आठवडा सव्वा तासाने जायचं, मग दीड तासाने. ‘लागेल म्हणून आधीच जाऊन येऊ’ हे बंद. घाई आली की धावायचं नाही. आहे तिथे थांबायचं, शक्य असेल तर बसायचं, आणि वायू अडवताना जो स्नायू आवळतो तो पाच-सहा वेळा झटपट आवळायचा. ओटीपोटाच्या तळाचा तो स्नायू आवळला की मूत्राशयाचं आकसणं आपोआप सैल पडतं. घाई लाटेसारखी चढते आणि ओसरते. ओसरल्यावर शांतपणे चालत जायचं. घराच्या कुलपात किल्ली घालताच लागायचं, तिथे हे सगळ्यात अवघड गेलं. कुलूप दिसलं की शरीर आधीच तयार व्हायचं. फिजिओथेरपिस्टने तो स्नायू नीट ओळखायला शिकवला, कारण पोट किंवा मांड्या आवळून उपयोग होत नाही.

आठवडे गेले, फरक हळूहळू पडला, पण पुरेसा नव्हता. मग गोळी आली. या आजाराच्या जुन्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, आणि वयस्कर माणसांच्या स्मरणशक्तीसाठीही त्या जपून द्याव्या लागतात. मला मिराबेग्रॉन दिलं. ते मूत्राशयाचा स्नायू सैल करतं. त्याने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून तो अधूनमधून मोजते. गोळ्यांनी भागलं नाही तर घोट्याजवळच्या नसेला सुईतून हलकी वीज देण्याचा उपचार आहे, किंवा मूत्राशयाच्या भिंतीत बोटॉक्सचं इंजेक्शन. त्याचा परिणाम काही महिने टिकतो, पण काहींना नंतर काही काळ नळीने लघवी काढावी लागते. माझ्यावर ती वेळ आली नाही.

आईच्या पिढीने हे ‘दोन बाळंतपणं झाली की असंच’ म्हणून सोसलं, लग्नकार्याला जाणं सोडलं. मला याचा राग येतो. वय वाढलं की त्रास वाढू शकतो, पण तो वयाबरोबर पदरात घेण्याची काहीच गरज नाही. म्हणून आता मी डब्यात याबद्दल मोठ्याने बोलते. त्यामुळेच एका मैत्रिणीने जवळ येऊन विचारलं, तिलाही सारखी घाई होत होती. पण तिला जळजळ होती, बारीक ताप होता. तिला माझे व्यायाम सांगितले नाहीत. आधी लघवी तपासून घ्यायला लावली. इन्फेक्शन निघालं, आणि औषधाने घाई गेली.